झुरळाची ऍलर्जी ‘४ प्लस’ आली म्हणजे पोराचा दमा सिव्हिअर झाला का?

मानेवाडा रोडकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगून घेतो. मुलगा १४ वर्षांचा, नववीत, दमा सहाव्या वर्षापासून. पावसाळ्यापासून आतापर्यंत दोनदा रात्री कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. स्किन टेस्टमध्ये झुरळ ४ प्लस, धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) २ प्लस, बाकी किरकोळ. एका डॉक्टरांनी ऍलर्जीच्या इंजेक्शनांचा ३ वर्षांचा कोर्स सांगितला, दुसऱ्यांनी सांगितलं की आधी घरातली झुरळं संपवा. ताई म्हणतात झुरळं तर आम्ही दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलवाला बोलावून मारतोच, तरी रात्रीचा खोकला जात नाही, पुढच्या वर्षी दहावी आहे, सासूबाई म्हणतात हे घरच सोडा. तर झुरळामुळे त्याचा दमा सिव्हिअर झालाय का, आणि इंजेक्शन सुरू करायचं का, असा प्रश्न आहे.

मी इथेच नागपुरात छातीच्या आजारांची प्रॅक्टिस करतो, वीसेक वर्षं झाली, आणि माझ्याकडे दम्याची जी शाळकरी पोट्टी येतात त्यातली निम्मी तरी अशीच हातात टेस्टचा कागद घेऊन येतात. पोराला न तपासता डोस सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. विचार कसा करायचा तेवढं मात्र सांगू शकतो. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. पोराच्या अंगात झुरळाविरुद्धची ऍलर्जी किती, रोज त्याच्या नाकातोंडात झुरळाचा माल किती जातो, आणि त्याचा दमा किती जोरात आहे. टेस्टचा कागद फक्त पहिल्याचं उत्तर देतो, तेही अर्धवट, आणि आपण त्याच कागदावरून तिन्हींचा निकाल लावून मोकळे होतो.

स्किन टेस्टमध्ये काय होतं, हातावर थेंब टाकून टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध किती मोठी आली ते मोजतात. नुसत्या पाण्याच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त आली तर पॉझिटिव्ह. ह्याचा अर्थ इतकाच की शरीर झुरळाला ओळखून बसलंय. झुरळामुळेच त्रास होतोय हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि दम्याचा जोर तर त्यातून अजिबातच कळत नाही. प्लसच्या खुणा प्रत्येक लॅब आपापल्या हिशोबाने लावते, म्हणून मी नेहमी मिलिमीटर मागतो. टेस्टच्या आधी आठवडाभर सर्दी-खाजेच्या गोळ्या बंद होत्या का हेही विचारा, नाहीतर ऍलर्जी असूनही टेस्ट निगेटिव्ह येते (पंप मात्र टेस्टसाठी बंद करायचा नसतो, हा घोळ मी दोनतीनदा पाहिलाय, पंप बंद केला आणि टेस्टच्या आदल्या रात्रीच ऍडमिट). आणि कोणी टोटल आयजीई (रक्तातलं ऍलर्जीचं एक माप) वाढलाय म्हणून घाबरवलं तर लक्षात ठेवा, आपल्याकडे तो पोटातल्या जंतांनीही वाढतो.

कागदावर किती विसंबायचं हे मला दोन पोरांनी शिकवलं. एक धरमपेठेतला मुलगा, झुरळाची गांध ११ मिलिमीटर, आईचा चेहरा पांढराफटक, आणि हा पोट्टा रोज दीड तास फुटबॉल खेळून येतो, वर्षात एकदाही रात्री उठलेला नाही. दुसरी इतवारीतल्या जुन्या वाड्यातली पंधरा वर्षांची मुलगी, गांध जेमतेम ४ मिलिमीटर, आणि एका वर्षात तीनदा ऍडमिट. मी तिच्या चिठ्ठीवर दोनदा ‘झुरळांपासून दूर राहणे’ असं लिहून पाठवलं होतं, म्हणजे काय करायचं देव जाणे. तिसऱ्या वेळी तिच्या आजीला सहज विचारलं की पोरगी झोपते कुठे, तर कळलं की खोल्या दोनच, ती स्वयंपाकघरात ओट्याखाली गादी टाकून झोपते, आणि भिंतीपलीकडे धान्याचं गोदाम. दोन वर्षं मी तिची औषधं वाढवत होतो आणि तिची उशी सिंकच्या पाइपपासून हातभर अंतरावर होती. त्यानंतर ‘झोपतो कुठे’ हा माझा पहिला प्रश्न झाला.

ह्याला नुसत्या माझ्या अनुभवाचा आधार नाही. अमेरिकेत शहरांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या दम्याच्या ४७६ मुलांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, मुलं ४ ते ९ वर्षांची. त्यात साधारण ३७ टक्के मुलांना झुरळाची ऍलर्जी निघाली आणि निम्म्या मुलांच्या झोपायच्या खोलीतल्या धुळीत झुरळाचा अंश जास्त सापडला. गंमत पुढे आहे. ज्यांना नुसती ऍलर्जी होती, किंवा नुसतीच घरात झुरळं होती, ती वेगळी. ज्यांना ऍलर्जीही होती आणि खोलीत झुरळाचा अंशही जास्त होता, त्याच मुलांचं दम्यासाठी ऍडमिट होणं इतरांच्या ३.४ पट होतं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गाडी बिघडते. नुसत्या ४ प्लसने काही होत नाही, आणि नुसती झुरळं असलेली घरं तर अख्ख्या नागपुरात आहेत, माझंही त्यात आलं.

आता झुरळाचा नेमका त्रास कशाचा? झुरळाची विष्ठा, लाळ, त्याने टाकलेली कात आणि मेल्यावर अंगाचा भुगा, ह्यातली प्रथिनं. हे कण वजनदार असतात, मांजराच्या ऍलर्जीसारखे तासनतास हवेत तरंगत नाहीत, जमिनीवर, गादीत, कपाटामागे बसून राहतात, आणि आपण फडा मारला, गादी झटकली की उडतात. म्हणून झुरळ दिसलं आणि लगेच शिंका-धाप सुरू झाली असं सहसा होत नाही. रोज रात्री थोडं थोडं आत जातं, श्वासनळीला आतून सूज राहते, आणि मग एक दिवस सर्दी होते किंवा शेजारी कोणी कचरा जाळतं, आणि पोरगं पहाटे तीनला उठून बसतं. घरचे म्हणतात थंड पाणी प्यायला, केळ खाल्लं, दही खाल्लं. झुरळाचं नावही निघत नाही कारण त्या वेळी तिथे झुरळ नसतंच, त्याचा माल असतो.

नागपूरच्या घरांचं थोडं वेगळं आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे झुरळं मुख्यतः दोन प्रकारची. मोठं लालसर, उडणारं, ते अमेरिकन झुरळ, नाली आणि चेंबरमधलं, पहिला जोरदार पाऊस पडला की बाथरूममधून वर येतं. आणि छोटं, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं, ते जर्मन झुरळ, ते नालीतून येत नाही, ते घरातच जन्मतं आणि घरातच मरतं. मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळची गरम जागा, पाण्याच्या फिल्टरचा डबा, मिक्सरचं बूड, अगदी टीव्हीचा सेट-टॉप बॉक्ससुद्धा. दोघांचे उपाय वेगळे, आणि बहुतेक घरांत पैसे एकावर खर्च होतात, त्रास दुसऱ्याचा असतो. लोक मोठ्याला घाबरतात कारण ते उडून अंगावर येतं, पण झोपायच्या खोलीपर्यंत वसाहत करतं ते छोटं.

शिवाय आपला कूलर. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर तापमान, हवा इतकी कोरडी की कपडे अर्ध्या तासात वाळतात, आणि आपण खिडकीत कूलर लावून खोली ओली गार करतो. झुरळाला पाणी लागतं, अन्नाशिवाय ते बरेच दिवस काढतं पण पाण्याशिवाय नाही. कूलरची टाकी म्हणजे त्याची पाणपोई. जुन्या गवताला बुरशी धरते ती वेगळीच, आणि ओलाव्याने गादीतले माइटही खूष. कूलर लावू नका असं मी नागपुरात म्हणणार नाही, कोणी ऐकणारही नाही, पण गवत दर वर्षी नवीन, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, आणि पोराची उशी हवेच्या झोतासमोर ठेवायची नाही.

आता सिव्हिअर ह्या शब्दाकडे येतो, कारण ताई, तुमच्या मनात खरी भीती ह्या शब्दाची आहे. दोनदा कॅज्युअल्टीत न्यावं लागलं म्हणजे दमा हाताबाहेर गेलाय, कंट्रोलमध्ये नाही, हे नक्की, आणि ते हलकं घेऊ नका. पण कंट्रोलमध्ये नसणं वेगळं आणि सिव्हिअर असणं वेगळं. सिव्हिअर आम्ही तेव्हा म्हणतो जेव्हा भरपूर डोसचं औषध, बरोबर पद्धतीने, रोज, काही महिने घेऊन आणि घरातली कारणं आवरूनही दमा आटोक्यात येत नाही, किंवा औषध जरा कमी केलं की उसळतो. म्हणजे तो शिक्का सगळं करून झाल्यावर मारायचा, आधी नाही. आणि माझ्याकडे सिव्हिअर म्हणून पाठवलेल्या पोरांतली बरीचशी ह्या परीक्षेत सिव्हिअर निघत नाहीत. औषध पोटात, म्हणजे छातीत, जातच नसतं.

हे मी कसं पकडतो? बिलं मागतो. रोजच्या पंपात १२० पफ असतील आणि सकाळी २, रात्री २ असे लिहून दिले असतील तर तो बरोबर ३० दिवसांत संपला पाहिजे. मार्चमध्ये घेतलेला पंप जूनमध्ये अजून चालू असेल तर मला पुढे काही विचारायची गरज नाही. आणि उलट निळा सल्बुटामॉलचा पंप, २०० पफचा, तो वर्षात ३ किंवा जास्त लागत असेल तर अटॅकचा धोका वाढलेला असतो. निळा पंप श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, आतली सूज जिथल्या तिथे. घराला ओल आलीय आणि आपण वरून चुना लावतोय असं.

मग पद्धत. माझ्यासमोर घ्यायला लावतो. स्प्रेवाला पंप हळू आणि खोल ओढायचा, स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ डबा) लावून, आणि दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरायचा. कॅप्सूलवाला मात्र जोरात आणि पटकन ओढायचा. पोरं नेमकं उलटं करतात, कारण मधे कधीतरी डॉक्टरांनी एकावरून दुसऱ्यावर टाकलेलं असतं आणि कोणी परत शिकवलेलं नसतं. घेऊन झालं की चूळ भरायची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही.

आणि १४ वर्षांच्या पोराला एकट्याला विचारावं लागतं. मी आईबाबांना पाच मिनिटं बाहेर बसवतो, काहींना राग येतो, येऊ दे. सहा वर्षांचा असताना आई पंप द्यायची, आता ‘तो मोठा झालाय, स्वतः घेतो’. तो घेत नाही. शाळेच्या बॅगेत पंप दिसला तर पोरं चिडवतात, ट्युशनमधल्या मुलींसमोर लाज वाटते, आजी म्हणते सवय लागेल, बाबा म्हणतात स्टिरॉइड आहे, आणि पोरगा ह्या सगळ्यांचं ऐकून सोयीचं तेवढं उचलतो. कोणी मित्रांसोबत सिगारेट किंवा व्हेप ओढून पाहिलेली असते. हे आईसमोर कधीच बाहेर येत नाही. एकाने मला सांगितलं होतं की तो पंप घेतो पण बाथरूममध्ये, नळ सोडून, आवाज येऊ नये म्हणून. त्यावर रागवायचं काय, मी त्याला कॅप्सूलवाला दिला, तो खिशात मावतो, फुस्स आवाज नाही. तेवढ्याने फरक पडला.

स्टिरॉइडच्या भीतीबद्दल एकदाच सांगतो. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं. उंचीवर परिणाम होतो का, तर होतो, पण किती? अमेरिकेत लहानपणी वर्षानुवर्षं असा पंप घेतलेल्या मुलांना मोठेपणापर्यंत पाहिलं, तेव्हा उंचीत फरक निघाला साधारण १.२ सेंटिमीटरचा. ह्याउलट वर्षातून चार वेळा अटॅक येऊन स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या तर त्याचा हिशोब कितीतरी मोठा. ज्या घरात पंपाला नाही म्हणतात त्याच घरात गोळ्यांचे कोर्स आनंदाने गिळले जातात, हे मला अजून उमगलेलं नाही.

ह्याशिवाय काही पोरांत दम्यासोबत दुसरंच काही असतं. नाकाची ऍलर्जी तशीच सोडलेली, वजन वाढलेलं, घाबरून भराभर श्वास घेणं, किंवा धावताना गळ्याशी आवाज येणं आणि पंपाने काडीचा फरक न पडणं (तो स्वरयंत्राचा त्रास असू शकतो, छातीचा नाही). आणि आपल्याकडे जोरात असलेल्या प्रत्येक दम्यात एस्परजिलस बुरशीची ऍलर्जी तपासावी असं माझं ठाम मत आहे, ती वेगळ्या औषधाने आटोक्यात येते आणि वेळेत नाही सापडली तर फुप्फुस खराब करते. तुमच्या डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, आणि स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाचा जोर मोजायची तपासणी) झाली नसेल तर करून घ्या. एवढ्या मोठ्या पोराची ती व्यवस्थित होते.

बरं, आता पेस्ट कंट्रोल. ताई, तुम्ही दर तीन महिन्यांनी पैसे खर्च करताय आणि तरी फरक नाही, ह्याची मला दिसणारी कारणं दोन. एक, फवारणी. वास मारणारी फवारणी केली की समोर आलेली झुरळं मरतात, बाकीची भिंतीत पळतात, दोन आठवड्यांनी परत. आणि जर्मन झुरळाची मादी अंड्यांची पिशवी अंगावरच वागवते, एका पिशवीत ३०-४० पिल्लं, ती पिशवी फवारणीला दाद देत नाही. वर त्या फवाऱ्याच्या वासानेच दम्याच्या पोराची छाती भरते. खडूच्या रेघा, डांबर गोळ्या, धूर, सगळ्यांची तीच कथा. डासांच्या कॉइलचंही सांगून टाकतो, २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण सोडते असं निघालं होतं. ज्या खोलीत पोरगं झोपतं तिथे कॉइल लावून झुरळाला दोष देण्यात अर्थ नाही.

फवारणीऐवजी जेल. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल मिळतं, सिरिंजमध्ये, त्याचे साबुदाण्याएवढे ठिपके पुष्कळ ठिकाणी द्यायचे, एकाच जागी मोठा गोळा नाही. बिजागऱ्यांत, फ्रिजमागे, सिंकखाली, गॅसच्या मागे. झुरळं ते खातात, बिळात जाऊन मरतात, आणि बाकीची त्यांची विष्ठा आणि मेलेली झुरळं खातात म्हणून विष पुढे सरकतं. फक्त जेल लावलं की त्या जागी फिनाइल किंवा स्प्रे मारायचा नाही, वासाने झुरळ जेलला तोंड लावत नाही, ही चूक हमखास होते. तीन-चार आठवड्यांनी परत ठिपके द्यायचे, अंड्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी. आपल्या आजीच्या बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्याही चालतात, हळू पण चालतात, कोरड्या राहिल्या तर. लहान मूल किंवा कुत्रं असेल तर दोन्ही गोष्टी हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

हे काम करतं का? अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सला ५ ते १७ वर्षांच्या दम्याच्या १०२ मुलांच्या घरांत असा प्रयोग झाला, २०१७ मध्ये छापून आला. काही घरांत नुसतं आमिषाचं जेल, बाकी काहीच नाही, ना गादीची कव्हरं ना प्युरिफायर, आणि वर्षभरात त्या मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले. मला हा अभ्यास आवडतो कारण तो गरिबाच्या खिशाला परवडतो. एअर प्युरिफायर झुरळासाठी घेऊ नका असं मी सांगतो, ते कण हवेत राहतच नाहीत तर मशीन ओढणार काय.

दुसरं कारण, मारणं म्हणजे साफ करणं नव्हे. झुरळ मेलं तरी त्याचा माल महिनोन्महिने धुळीत राहतो. म्हणून जेलने संख्या कमी झाली की मग ट्रॉल्या बाहेर काढून साबणाच्या पाण्याने पुसायच्या, फ्रिज ओढून मागची भिंत पुसायची, पोराच्या पलंगाखालची पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी काढून टाकायची, फड्याऐवजी ओला पोचा. हे त्या दिवशी पोराला घरात ठेवून करू नका, आजीकडे पाठवा. दिवाळीच्या साफसफाईत दम्याची पोरं आमच्याकडे रांगेने येतात ती उगाच नाही, धूळ आणि फटाके दोन्ही एकाच आठवड्यात. आणि धीर धरा, धुळीतला अंश उतरायला सहा महिने लागू शकतात. महिन्याभरात ‘काही फरक नाही डॉक्टर’ म्हणून सोडून देणारे खूप.

मोठ्या झुरळासाठी उपाय नालीकडे आहे. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी असतं तोवर झुरळ वर येत नाही. जे बाथरूम वापरात नाही त्याचा ट्रॅप आपल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत सुकतो आणि मग चेंबरपासून खोलीपर्यंत हायवे तयार. दर रविवारी एक मग पाणी ओतायचं, जाळी लावायची, सिंकच्या पाइपभोवतीची फट सिमेंटने बुजवायची. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, पण बाथरूम वापरात नाही म्हणून तिकडे कोणी फिरकतच नाही. फ्लॅट असेल तर डक्टमधून शेजारच्यांची येतात, तिथे सोसायटीशी भांडावं लागतं, ते औषध माझ्याकडे नाही.

मी आजकाल आईबाबांना एक काम देतो. रात्री दोनला उठा, स्वयंपाकघराचा लाइट लावायच्या आधी मोबाइलचा व्हिडिओ सुरू करा, मग लाइट लावा. तसंच पोराच्या खोलीत. आणि चार चिकट सापळे घेऊन ते एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, दोन पोराच्या खोलीत, आठ दिवस. जे सापडेल त्याचा फोटो. त्या फोटोतून मला स्किन टेस्टच्या ४ प्लसपेक्षा जास्त कळतं. आणि जर पोराच्या खोलीत काहीच सापडलं नाही, आणि पंप नियमित सुरू केल्यावर रात्रीचा खोकला गेला, तर झुरळ बिचारं ह्या खटल्यात निर्दोष आहे असंही होऊ शकतं.

इंजेक्शनचं काय? तुमच्या पहिल्या डॉक्टरांना चूक म्हणत नाही, मी पोराला पाहिलेलं नाही. पण ऍलर्जीची इंजेक्शनं माइटसाठी जेवढी सिद्ध आहेत तेवढी झुरळासाठी नाहीत, आणि दमा हाताबाहेर असताना ती सुरू करायची नसतात, त्यातच अटॅक येऊ शकतो. म्हणजे आज तरी उत्तर ‘नाही, आधी कंट्रोल’ असंच. चार-सहा महिन्यांनी तब्येत स्थिर झाल्यावर, नाकाचाही त्रास असेल, माइटचाही भाग असेल, तर परत बोलता येईल.

औषधात एक बदल अनेकांना अजून माहीत नाही. २०१९ पासून जगभरच्या दम्याच्या मार्गदर्शनात, जिना म्हणतात त्यात, १२ वर्षांवरच्यांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं सांगितलंय. त्रास झाला तेव्हा घ्यायच्या पंपातही सूज उतरवणारं औषध असावं, म्हणून फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा एकच पंप रोजचाही आणि अडीअडचणीचाही, असं आता देतात. दोन पंपांचा घोळ ज्या वयात होतो त्या वयाला हे सोयीचं. पोरगा माँटेलुकास्टच्या गोळीवर असेल तर आणि चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासपणा असं काही नवीन दिसलं तर डॉक्टरांना सांगा, अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये त्या गोळीवर मानसिक परिणामांचा सगळ्यात कडक इशारा टाकलाय. दहावीचं टेन्शन म्हणून ते सुटून जातं.

तुमचे दोन्ही अटॅक पावसाळ्यापासूनचे आहेत हेही मला महत्त्वाचं वाटतं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, वर्गात सर्दी फिरते, त्याच वेळी नालीतली झुरळं घरात. ऍलर्जीने सुजलेली श्वासनळी साध्या सर्दीच्या व्हायरसलाही नीट तोंड देऊ शकत नाही. ६ ते २० वर्षांच्या ४१९ जणांवर ओमालिझुमॅब हे ऍलर्जी दाबणारं इंजेक्शन देऊन पाहिलं होतं, २०११ चा अभ्यास, त्यात शाळा उघडल्यानंतर येणारी अटॅकची लाट जवळपास बसली, आणि ज्यांना झुरळाची ऍलर्जी होती व घरात झुरळंही होती त्यांना जास्त फायदा झाला. ते इंजेक्शन महागडं आहे आणि खऱ्या सिव्हिअरसाठी आहे, तुम्ही त्याच्या मागे लागा असं म्हणत नाही. सांगायचं कारण एवढंच की रोजचा पंप जूनच्या सुरुवातीला, पोरगं ठणठणीत असताना, सोडायचा नसतो, आणि नेमका तेव्हाच उन्हाळ्यात बरं वाटलं म्हणून सोडलेला असतो. मग कोणी मृगाला हैदराबादला मासा गिळायला नेतं, कोणी कोजागिरीच्या खिरीची वाट बघतं. जा बापा, श्रद्धा तुमची, पण पंप खिशात ठेवून जा.

आणि रात्री परत दम लागला तर? एक वाक्य सलग बोलता येत नाही, मानेचे-बरगड्यांमधले स्नायू ओढले जातात, ओठ निळसर, किंवा ऑक्सिजन ९२ च्या खाली, ह्यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. निळा पंप असेल तर स्पेसरमधून एकेक करून ४ ते १० पफ, दर वीस मिनिटांनी परत देता येतात, ते देत देतच जवळचं हॉस्पिटल गाठायचं. हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, त्या वेळी कोणाचंच डोकं चालत नाही.

तर ताई, तुमच्या जागी मी असतो तर आधी पंपाचा हिशोब आणि पद्धत, ह्याच आठवड्यात, पोराला एकट्याला विश्वासात घेऊन. सोबत सापळे आणि व्हिडिओ. मग जेल, मग सफाई, आणि तीन महिन्यांनी परत स्पायरोमेट्री. तेव्हाही रात्री उठत असेल तर सिव्हिअरची चर्चा तुमच्या डॉक्टरांशी करा, तेव्हा ती करण्यात दम असेल. दहावीच्या वर्षाला अजून वेळ आहे, पुरतो.

राहिलं घर सोडायचं. सासूबाईंचं मन मोडू नका, पण सापळ्यांत काय येतं ते बघेपर्यंत थांबा. आणि बदलायचं ठरलंच तर नवीन घर बघायला दिवसा न जाता संध्याकाळनंतर जा, सिंकखालचं कपाट उघडून बघा, कोपऱ्यात मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ती झुरळाची विष्ठा. जुने पुठ्ठ्याचे खोके सामान भरायला वापरू नका, आणि फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर हलवायच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांच्याभोवती जेल लावून ठेवा, नाहीतर छोटी झुरळं टेम्पोत तुमच्या आधी चढतात.